जिन्याची खालची बाजू

जड वस्तू जिन्यावरून वर चढविणे कठीण आणि खाली उतरविणे सोपे, असा एक सर्वसाधारण समज आहे. आमचाही तो होता. वर नेताना दम लागतो, घाम फुटतो, म्हणून ते काम कष्टाचे. खाली येताना वस्तू स्वतःच्या वजनानेच खाली येऊ पाहते, म्हणून ते काम हलके, असे आम्ही मानीत आलो. परंतु वस्तू खाली येऊ पाहते हीच तर खरी अडचण आहे. चढताना प्रत्येक पायरी मेहनतीने मिळवावी लागते, त्यामुळे उतावळेपणास वाव राहत नाही. उतरताना मात्र वस्तू आपल्यापेक्षा उतावळी असते. एवढी साधी गोष्ट उमगावयास आम्हांला वयाची अठ्ठावन्न वर्षे, आईचे एक शिसवी कपाट आणि चौदा पायऱ्यांचा एक जिना लागला.

वसईच्या वाडीतील आमचे जुने घर आजोबांनी १९३६ साली बांधले. खाली ओटा, पडवी, मधले घर आणि स्वयंपाकघर, वर माडी. दोहोंना जोडणारा जिना सागवानी, सरळ आणि चांगलाच उभा. पायरी आठ इंच उंच आणि आठच इंच रुंद, म्हणजे उतार नेमका पंचेचाळीस अंशांचा. एका बाजूस भिंत, दुसऱ्या बाजूस कठडा, मध्ये सव्वातीन फुटांची वाट. पायऱ्या चौदा. आई चालती-फिरती होती तोवर उपवासकाळात हा जिना उतरताना ती एकेका पायरीवर क्रुसाच्या वाटेचे एकेक स्थान मनात आणून क्षणभर थबकत असे. लहानपणी आम्ही दोघे भाऊ तिच्या मागे खोळंबून राहत असू आणि सातव्या-आठव्या पायरीवर आमचा धीर सुटत असे.

कपाट आईबरोबरच ह्या घरात आले, १९५४ साली, तिच्या लग्नात. माडीवर तिच्या खोलीत ते भिंतीला लागून उभे असे. त्याच्या माथ्यावर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, पवित्र मातेची मूर्ती आणि दोन मेणबत्त्या असा छोटासा आल्तार होता. संध्याकाळची जपमाळ आम्ही त्या कपाटाकडे तोंड करून म्हटली. म्हणून त्याचे वजन नुसत्या लाकडाचे, असे आम्हांला कधी वाटले नाही.

२०१२ साली आईचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले. पण जिना तिला कायमचा दुरावला. तिची व्यवस्था खालच्या खोलीत करावी असे सर्वांनी सुचविले, परंतु आल्तारासमोरची खाट सोडावयास ती तयार होईना. मग धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी दर रविवारी मिस्सेसाठी तिला वेताच्या खुर्चीत बसवून, जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने कमरेस बांधून खाली आणू लागली. धाकटा खालच्या बाजूस, आईकडे तोंड करून, एकेक पायरी पाठमोरा उतरे. भावजय वरून खुर्चीची पाठ धरी. मिस्सा आटोपली की हीच यात्रा उलट दिशेने होई.

आमची नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड बोरिवलीस. नाताळ, पुनरुत्थानाचा सण आणि गावचा सण, एवढ्या वेळा आमचे येणे नक्की असे. त्या दिवशी भावजयीच्या जागी खुर्चीची पाठ आम्ही धरीत असू, आणि खाली ओट्यावर जमलेल्या आप्तांना सांगत असू, "आम्ही दोघांनी आईला खाली आणले." हे विधान खोटे नव्हते. ते पुरते खरेही नव्हते, हे कळावयास आणखी काही वर्षे जावी लागली.

२०१५ च्या पावसाळ्यात आई प्रभूच्या घरी गेली. वर्षश्राद्धाची मिस्सा झाल्यावर घर आणि वाडी ह्यांच्या वाटणीचा विषय निघाला. आमचे म्हणणे सरळ होते. भाऊ दोन, म्हणून वाटे दोन, सारखे. ह्याहून न्याय्य ते काय असणार? धाकटा नाही म्हणाला नाही. तो फक्त गप्प झाला. त्यानंतर आम्हां दोघांत बोलणे उरले ते कामापुरते. भांडण झाले असते तर निदान मिटविता आले असते. येथे मिटविण्यासारखे काही घडलेच नव्हते.

२०१८ च्या मे महिन्यात जुने घर उतरवावयाचे ठरले. वासे वाळवीने पोखरले होते आणि पुढचा पावसाळा ते काढतील अशी खात्री नव्हती. कपाट धाकट्याच्या शेजारच्या नव्या घरी जावयाचे होते, म्हणून एका शनिवारी आम्ही वसईस गेलो.

काही तयारी आम्ही नीट केली, हे सांगितले पाहिजे. आल्तार प्रथम उतरवून आदराने खाली नेला. कपाट रिकामे केले. आईची लाल लुगडी, तिच्या लग्नातील जपमाळ, डांबरगोळ्यांचा वास लागलेली आमच्या बाप्तिस्म्याची कपडे, सारे बाहेर आले. खण काढून त्यांवर खडूने आकडे घातले. फळ्या काढल्या, पल्ले बिजागऱ्यांतून सोडविले. भरले कपाट दीडशे किलोंच्या घरातले असेल. उरलेला सांगाडा नव्वद किलोंच्या आसपास असावा. माप घेतले, ते सहा फूट उंच, पावणेतीन फूट रुंद आणि दोन फूट खोल भरले. जिन्याच्या वाटेतून ते जाणार, पण दोन्ही बाजूंस मिळून सहाच इंच मोकळे राहणार, हेही कळले.

ज्या गोष्टी केल्या नाहीत त्यांची यादी मात्र मोठी आहे. पायांतील चपला काढल्या नाहीत. बोटातील अंगठी काढली नाही. पायथ्याशी खेळणाऱ्या पोरांना बाहेर घालविले नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चल कोणी म्हणावयाचे आणि थांब कोणी म्हणावयाचे, हे ठरविले नाही. कपाट कुशीवर घेतले, धाकटा सवयीने खाली गेला, आम्ही सवयीने वर राहिलो. कोणी कोणास काही विचारले नाही.

तीन पायऱ्या सुखरूप झाल्या. चौथीवर धाकटा म्हणाला, "दादा, थांब."

आमच्या हातांना तर विशेष काहीच जड लागत नव्हते. आम्ही म्हणालो, "अरे, अजून दहा पायऱ्या आहेत. आताच थांबून कसे चालेल?" आणि पाऊल टाकले.

त्याची टाच पायरीवर पुरती टेकलेली नव्हती. कपाट हातभर पुढे गेले, तो मागच्या पायरीवर मटकन खाली बसला आणि कपाटाची कड त्याच्या मांडीवर आली. कठड्याच्या एका दांड्यात कोपरा अडकला म्हणूनच ते तेथे थांबले. पुतण्याने धावत जाऊन खालून खांदा दिला आणि वडिलांचा पाय मोकळा केला. नडगीची सालटी निघाली होती, हाड शाबूत होते. आमच्या चपलेचा अंगठा तुटला होता. धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, "तुला वरून कळत नाही, दादा."

तो कपाटाविषयीच बोलत होता. निदान आम्ही तसे समजून घेतले.

पुतण्याने शेजारच्या मिस्त्रींना बोलावून आणले. सत्तरी ओलांडलेला हा सुतार आमच्या वडिलांच्या वेळेपासून घरातला. त्यांनी अडकलेले कपाट पाहिले, धाकट्याची नडगी पाहिली आणि मग आम्हां दोघांकडे पाहिले. "चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा आपल्या देवळांच्या घंटा उतरवून घाट चढवून पार भीमाशंकरपर्यंत नेल्या," ते म्हणाले, "आणि तुम्हां दोघांना एक कपाट चौदा पायऱ्या उतरवता येत नाही?"

प्रथम कपाट पुन्हा वर घेतले. मग मिस्त्रींनी जे केले ते येथे क्रमाने सांगतो, कारण घरोघरी जिने आहेत आणि घरोघरी कधी ना कधी हा प्रसंग येतो. त्यांनी पोरांना अंगणात पिटाळले. सर्वांच्या चपला आणि अंगठ्या काढविल्या. गुळगुळीत पायऱ्यांवर चपलेपेक्षा अनवाणी पाय बरा, आणि पकड धरणारा रबरी तळव्याचा बूट त्याहून बरा. जिन्यावरील दिवा लावला. दहा फुटी दोन जाड फळ्या पायऱ्यांवर शेजारी शेजारी टाकून त्यांच्या टोकांशी खिळे मारले, म्हणजे फळ्या सरकू नयेत. कपाट कुशीवरून पाठीवर निजविले आणि पाठीखाली घोंगडे बांधले. पायांकडची बाजू खाली ठेवली, म्हणजे तळाशी पोचल्यावर ते उचलून फिरवावे लागत नाही, नुसते उभे केले की झाले. मग विहिरीचा जुना जाड दोर कपाटाभोवती आडवा-उभा आवळून त्याचे दुसरे टोक माडीच्या मधल्या खांबाभोवती गुंडाळले.

ह्या वेढ्यातच सारी युक्ती आहे. घोंगड्यावरून घसरणारे ते धूड दोराला साधारण चाळीस किलोंच्या ताकदीने ओढत असेल. पण खांबाभोवती एक पुरा वेढा दिला की घर्षणामुळे ती ओढ पाच-सहा पटींनी कमी होते, आणि दुसरा वेढा दिला की आणखी तितकीच. मागे धरणाऱ्यास मग थोडीच ताकद लागते. पाचूबंदरचे आमचे कोळी बांधव खुंटाला दोर वेढून मोठमोठ्या होड्या ह्याच न्यायाने आवरतात. मिस्त्री म्हणाले, "भार खांबाला द्यायचा. माणसाने फक्त सोडायचे, तेही जपून."

त्यांनी आणखी दोन नियम घालून दिले. हुकूम एकाचाच, आणि तो वरच्याचा नव्हे, खालच्याचा. तो थांब म्हणाला की का म्हणून विचारावयाचे नाही. दुसरा नियम असा की, वस्तू खरोखरच सुटली तर तिला अडवावयास जावयाचे नाही, कठड्याकडे अंग चोरून तिला जाऊ द्यावयाचे. लाकूड पुन्हा जोडता येते, गुडघा जोडता येत नाही. म्हणून खालच्याने वस्तूच्या ऐन समोर उभे न राहता एका कडेला राहून फक्त दिशा द्यावी.

सर्व सिद्ध झाल्यावर त्यांनी आमच्याकडे बोट केले. "मोठे, ह्या खेपेस तुम्ही खाली."

धाकटा काही बोलणार होता, पण मिस्त्रींनी त्याच्या हाती कपाटाचा वरचा भाग दिला आणि स्वतः दोर धरला. पुतण्या आमच्या मागे, पायथ्याशी एका अंगास उभा राहिला.

त्या घरात जन्मलेले आम्ही, त्या जिन्यावरून हजारो वेळा उतरलो असू. पण त्याची खालची बाजू आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिली. पाहिली म्हणणेही चुकीचे, कारण तेथून काही दिसतच नाही. डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर लाकूड. पुढची पायरी कोठे आहे ते पायाच्या चवड्याने चाचपून ठरवावयाचे. माथ्यावर माणसे आहेत, ती बोलतात, त्यांना सारा जिना दिसतो. आपल्याला त्यांचा फक्त आवाज ऐकू येतो. आणि त्या आवाजात थोडीशीही घाई असली तर पोटात गोळा येतो. आम्ही पाचव्या पायरीवर "थांब" म्हणालो. वर सारे थांबले. का म्हणून कोणी विचारले नाही.

फळ्या दहा फुटी होत्या, म्हणून शेवटच्या तीन पायऱ्या हातांवर घ्याव्या लागल्या. दोर ताणलेला होताच, तरीही भाराचा जो काही अंश आमच्या मनगटांवर उतरला त्याने आम्ही चकित झालो. धाकट्याने वरून विचारले, "दादा, झेपते आहे ना?" हे शब्द ह्या जिन्यावर आम्ही त्याला कधी विचारले होते काय, ते आठवू लागलो. आठवेना.

कपाट खाली आले, पायांवर उभे राहिले. भावजयीने सर्वांना ताक दिले. पुतण्या अभियांत्रिकी शिकत होता. त्याने खडू घेऊन कपाटाच्या पाठीवरच हिशेब मांडला. सपाट जमिनीवर दोघांनी कपाट उचलले तर नव्वद किलोंतले पंचेचाळीस-पंचेचाळीस दोघांकडे. जिन्यावर ते तिरके होते, आणि वजनाचा मध्य खालच्या माणसाकडे झुकतो. पंचेचाळीस अंशांचा उतार, सहा फूट लांबी, दोन फूट जाडी, दोघांचे हात तळाच्या कडेला. अशा वेळी खालच्याकडे साठ किलो येतात आणि वरच्याकडे तीस. दोन वाटे त्याला, एक वाटा ह्याला. आम्ही आधी घेतले होते तसे कुशीवर घेतले तर जाडी पावणेतीन फूट होते, आणि खालच्याचा वाटा पाऊणाच्या जवळ जातो. वरच्याने कितीही प्रामाणिकपणे उचलले, तरी त्याच्या वाट्यास येते ते एवढेच. तो लबाडी करीत नसतो. तो अर्धे उचलीत आहे अशीच त्याची मनोमन समजूत असते.

"ह्याला उपाय नाही?" आम्ही विचारले.

"आहे की," पुतण्या म्हणाला. "वरच्याने तळाची कड सोडून वरची कड धरायची, आणि खालच्याने तळाचीच. दोघांच्या हातांना जोडणारी रेघ मग वजनाच्या मध्यातून जाते आणि भार पुन्हा सारखा होतो."

म्हणजे वरच्याने फक्त हात बदलावयाचा होता. पण हात बदलला की वजन वाढते, म्हणून आपण होऊन तो कोणी बदलीत नाही. त्यासाठी खालच्यावर काय येत आहे हे आधी ठाऊक असावे लागते. आईची खुर्ची आठवली. वर्षातून तीन वेळा आम्ही तिची पाठ धरली, आणि एरवीच्या सर्व रविवारी खालचे दोन वाटे धाकट्याने पेलले. आणि जिना काय फक्त रविवारीच होता? रात्रीची औषधे, सकाळचे अंग पुसणे, तिचे चिडणे, तिचे रडणे. त्या साऱ्यांतला वरचा वाटा आम्ही दरमहा पैसे पाठवून उचलीत होतो आणि त्यास अर्धा म्हणत होतो.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन वचने एकमेकांच्या जवळच येतात. एकात तो परस्परांचा भार वाहावयास सांगतो, आणि तीनच वचनांनंतर म्हणतो की, ज्याने त्याने आपले ओझे आपण वाहावयाचे आहे. मिस्सेत हे पत्र ऐकताना आम्हांला ह्या दोहोंत विरोध वाटे. पण मूळ ग्रीकमध्ये तेथे शब्द दोन आहेत. पहिल्या ठिकाणी बारोस, म्हणजे दाबून टाकणारा भार. दुसऱ्या ठिकाणी फोर्तिओन, म्हणजे ज्याचे त्याने न्यावयाचे गाठोडे. आपले गाठोडे प्रत्येकाने न्यावेच. पण जो भार उताराच्या योगाने एकाच्याच अंगावर झुकतो, त्याच्या बाबतीत दुसऱ्याने हात बदलावा, एवढेच पौलाचे म्हणणे असावे, असे आम्हांला आता वाटते.

त्या रात्री आम्ही बोरिवलीस परतलो नाही. ओट्यावर दोघे भाऊ बसलो असता आम्ही धाकट्यास म्हणालो, "वाटणीचा कागद बदलू या. दोन वाटे तुझे." तो हसला. म्हणाला, "कपाट उतरवले म्हणून?" आम्ही म्हणालो, "आईला उतरवले म्हणून." त्यावर तो उठून आत गेला, आणि बऱ्याच वेळाने डोळे धुऊन बाहेर आला.

कागद पुढे बदलला, पण आम्ही म्हटल्याप्रमाणे नव्हे. विहीर आणि तिच्या लगतची केळीची पट्टी एवढेच त्याने जादा घेतले. त्याहून एक हात जमीन घ्यावयास तो तयार झाला नाही. तो वाद आम्हां दोघांत अजूनही अधूनमधून निघतो. फरक एवढाच की, आता आम्ही त्याच्या बाजूने भांडतो आणि तो आमच्या.

कपाट त्याच्या नव्या घरी आहे, तळमजल्यावर. माथ्यावर आल्तार पूर्वीसारखाच मांडला आहे. पाठीवरचा खडूचा हिशेब भावजयीने पुसू दिलेला नाही. कपाट भिंतीला लागून असल्याने तो कोणास दिसत नाही. आम्ही आता पुष्कळदा रविवारी वसईस जातो आणि संध्याकाळी त्या कपाटाकडे तोंड करून सारे मिळून जपमाळ म्हणतो. तो हिशेब तेथे आहे, हे घरातील सर्वांना ठाऊक आहे.